दिल्लीहून दोन तास

दिल्ली ते मुंबई विमानाला दोन तास लागतात, हे मला शफीनं सांगितलं. शफी आमच्या कासारवाडीच्या चाळीतला टॅक्सीवाला, कंपन्यांचे साहेब सांताक्रूझच्या विमानतळावर पोचवणारा. "साडेअकराशे किलोमीटर, भिमाआक्का. ज्ञानदेव दोन तासांत मुंबईत. तिथनं मी आणतो, चार तास धरा. सकाळी उडाला तर दुपारी घरात."

ज्ञानदेव माझा एकुलता एक, दिल्लीला कारखान्यात फिटर. आणि इथं आमचे मालक खाटेवर. डॉक्टरनं घरी न्या म्हणून हात झटकले होते. पाणी चमच्यानं. नजर दाराकडं. जीव पोरात अडकलाय, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

सोमवारी तार केली. वडील सिरियस, विमानाने ये. संध्याकाळी उत्तर आलं, रजा नाही, पत्र पाठवतो.

चूक कबूल करायची मला सवय नाही, तरी लिहिते. दोन वर्षांमागं त्यानं मुलगी बघायला यावं म्हणून मी अशीच सिरियसची तार केली होती. पोरगा तोंडचं पाणी पळालेला आला, तर बाप ओट्यावर सुपारी कातरत बसलेला. सगळी चाळ तेच करायची. सिरियस म्हटल्याबिगर फोरमन रजा देत नाही, आणि आता सिरियस म्हटलं की हसतो.

मंगळवारी सकाळी मी शफीला म्हणाले, "वारले म्हणून लिही."

"जित्या माणसाचं, आक्का?"

"तुझ्या पदरचं काय जातंय? कुंकू माझं हाय. लिही."

तार करून आला, टॅक्सी धुऊन उभी केली. मी मालकांच्या कानाशी बसले. "निघतोय तो. दोनच तास. तग धरा." जन्मभर माझं ऐकलेला माणूस, तेही ऐकलं.

दुपारी तार आली. शफीनं दारातच वाचली आणि आत येईना.

"वाच की. दातखीळ बसली?"

तो हळू बोलला. "रेल्वेनं निघालाय. लिहिलंय, माझ्यासाठी थांबू नका, बाबांना अग्नी द्या. गुरुवारी पोचतो."

 मेलेल्या बापासाठी विमान कोण करील? मयत घरात ठेवायचं नसतं, हे त्याला मीच शिकवलेलं. बाप जिता आहे आणि खरंच चाललाय, हे पटलं असतं, तर दोन तासांत आला असता.

"गाडीत गाठ त्याला. कुठल्याबी स्टेशनात तार कर, जिता हाय म्हणून."

"कुठली गाडी, ते लिहिलं न्हाई, आक्का."

तरी त्याला पोस्टात हाकलला. आत आले तर मालकांचे ओठ हलले. "आला?"

"मुंबईत उतरला. टॅक्सीत बसलाय," मी म्हणाले.

मग मीच पोराला आणू लागले. पनवेल आलं. खोपोली आली. घाटात इंजिनाची वाफ झाली, गाडी थांबवून पाणी घालतायत. लोणावळ्याला चहा पाजला. दर नावाला मालकांच्या पापण्या हलायच्या. दिवस कलला तेव्हा देहूरोड झालं, चिंचवड झालं, आणि मालकांचा श्वास चालूच. पिंपरी सोडली की आमची कासारवाडीच, पुढं सांगायला रस्ता उरला नव्हता.

पिंपरीत मी टॅक्सी पंक्चर केली.

ते पंक्चर निघेपर्यंत मालक थांबले नाहीत.