अठ्ठेचाळीस व्होल्ट

स्पर्धेत ताई गायला उभी राहिली आणि माइक ठार मुका! साउंडवाला मामा नेमका गाडीतून वायर आणायला गेलेला. त्याच्या मदतीला आलेली छोटी मिक्सरपाशी एकटीच उरली होती.

"अगं, कर ना काहीतरी! परीक्षक घड्याळ बघतायत," आई कुजबुजली.

छोटीने हेडफोन चढवून पीएफएल दाबलं, म्हणजे आवाज आधी फक्त आपल्याच कानात येतो. पण आवाजच नव्हता. मग तिची ट्यूब पेटली: या नव्या माइकला मिक्सरकडून वीज लागते! ४८ व्ही, म्हणजे अठ्ठेचाळीस व्होल्ट. "आधी म्यूट कर, नाहीतर हॉलमध्ये धडाम्," मामाने बजावलं होतं.

तिने म्यूट दाबलं, मग ४८ व्ही. हेडफोनमध्ये ताईचा हुंदका ऐकू आला.

तो संपेपर्यंत छोटी थांबली. मगच तिने म्यूट काढलं.