वेशीतून आधी कोण

माझ्या सासूचं, पार्वतीबाईचं, कंबरेचं हाड मोडलं. पण जिभेला हाड मुळातच नसल्यामुळं तिचं फारसं काही अडलं नाही. बाजेवर पडल्या पडल्या ती अख्खी वस्ती चालवते. अडचण फक्त पावसाळ्यात होते. आमची बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला, मन्याड नदीला टेकून. गेल्या वर्षी पाणी घरात शिरून बाजेला लागलं, तेव्हा कुठं चौघांनी धावत येऊन तिला उचललं. तेव्हापासून मला एकच धास्ती लागली होती. पुन्हा पाणी आलं तर हिला वेळेत बाहेर काढायचं कसं?

म्हणून मी नांदेडला जाऊन तीन दिवसांचं आपत्तीचं प्रशिक्षण घेतलं. तिथं गाठी मारायला शिकवलं, रिकाम्या बाटल्यांचा तराफा बांधायला शिकवलं आणि दोन पैलवान मावतील असं एक केशरी जाकीट दिलं. गाव कसं हलवायचं ते काही शिकवलं नाही. शिकवणारे साहेब बहुतेक गावात राहत नसावेत.

जूनमध्ये मंडळ अधिकारी शरणप्पा साहेब मॉक ड्रिल घ्यायला आले. बेत सोपा होता. ग्रामपंचायतीचा शिपाई व्यंकटी भोंगा वाजवणार. सगळ्यांनी घरं सोडून वेशीतून बाहेर पडायचं आणि माळावरच्या शाळेत जमायचं. पंधरा मिनिटांत. शाळेकडं जायला वाट एकच, ती वेशीतली.

दहाला भोंगा झाला. माझा नवरा प्रेम, दीर आनंदराज आणि वस्तीतले दोघे यांनी सासूची बाज उचलली. मी जाकीट सावरत पुढं. सहाव्या मिनिटाला आम्ही वेशीत पोचलो आणि बघते तर काय, निम्मं गाव तिथंच उभं. कुणाच्या हातात गाठोडं, कुणाच्या काखेत मिक्सर, एकाच्या खांद्यावर शेळीचं पिल्लू. वेशीपलीकडं मात्र काळं कुत्रं नाही.

"थांबलाव कामून?" मी विचारलं.

"पाटील यायचेत की अजून," बालाजी दुकानदार म्हणाला.

आमच्या गावात पोळ्याला पाटलाचा बैल वेशीतून गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा जात नाही. आता पूर म्हणजे काही सण नव्हे. पण सगळं गाव एकदम वेशीतून निघायचं म्हटल्यावर लोकांचे पाय आपसूक थांबले. भोंगा सरकारचा असेल, वेस पाटलाची!

आणि शेषेराव पाटील? ते फेटा बांधून ओसरीवर बसले होते. व्यंकटी पळत जाऊन निरोप घेऊन आला. "हलगी न्हाई, बोलावणं न्हाई, मी काय चोरावानी निघू का, म्हणून राहिले."

शरणप्पा साहेब घड्याळाकडं बघत ओरडले, "अहो, पाणी आलंय असं समजा!"

"आमी समजलाव सायब," बालाजी म्हणाला. "पर पाटलाला कोन समजावनार?"

मग बाजेवरून सासूचा आवाज आला. "माझ्या आजेसासऱ्यानं थंडीवाऱ्यात ही वेस राखली. छप्पनला बाबासायबाच्या मागं गेलाव आन् राखण सोडली. आता त्याच वेशीत मला आडवं ठिवून वाट बघाय लावता का रे? मेल्यावर खांदा द्यायला सगळेच येतेत. जित्याला वाट तरी द्या!"

दोघातिघांनी खाली मान घातली. हललं मात्र कुणी नाही.

शेवटी कुणीतरी हलगीवाला शोधला. वाजतगाजत पाटील वेशीत आले तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती. साहेबांनी वहीत लिहून टाकलं, अख्खं गाव बुडालं.

माझं डोकं फिरलं. मी ते गबाळं जाकीट घालून पाटलांच्या पुढ्यात उभी राहिले. "पाटील, कागदावर माझी सासू आज मेली. तुमच्यामुळं."

गावात सूनबाईनं असं बोलायची रीत नाही. प्रेमनं डोळे मिटून घेतले. पाटलांचा चेहरा लाल झाला.

"मग काय, बापजाद्याचा मान सोडू म्हंतीस?"

"सोडू नका. पर पुरात पयला मान बाजेचा असतोय. बाज गेल्याबिगर कुनीच जायचं न्हाई. तुमाला आधी जायचं तर बाजेचा पुढचा खूर धरा."

"नियमच आहे तसा," शरणप्पा साहेबांनी ठोकून दिलं. असला कुठलाही नियम नव्हता. पुस्तिका मी पाठ केली होती. भला माणूस, देव मानत असते तर नवस बोलले असते त्याच्या नावानं.

पाटलांनी एकदा वेशीकडं पाहिलं, एकदा आमच्या बाजेकडं. धोतराचा सोगा खोचला आणि पुढचा खूर धरला. त्यांच्या लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. पाटलांनी हात लावल्यावर उरलेल्या तीन खुरांसाठी पाटलांचा भाऊबंद वैजनाथ धरून सगळ्या मानकऱ्यांत जुंपली आणि प्रेम, आनंदराज हात हलवत मागं राहिले. दुसरी तालीम अकरा मिनिटांत झाली.

सप्टेंबरात खरंच पाणी आलं. प्रेम आणि आनंदराज कामाला देगलूरला होते, वस्तीतले बाकीचे गडी रानात. भोंगा ऐकला तेव्हा मी गावच्या दुसऱ्या टोकाला होते. एकटीनं तिला कशी उचलू, याच विचारानं ऊर फुटेस्तोवर धावले. दारात पोचले तर बाज बाहेर निघत होती. पुढचा खूर शेषेरावांच्या खांद्यावर, बाकी तिघे मानकरी.

"सरक पोरी," पाटील धापा टाकत म्हणाले. "उशीर केला तर वैजनाथ पुढं घुसंल."

"घोटभर च्या तरी घ्या पाटील," सासू बाजेवरून म्हणाली. पाण्याचा लोंढा गल्लीच्या तोंडाशी आला होता.

"पुढच्या टायमाला," पाटील म्हणाले. साठ वर्षांत त्यांनी आमच्या वस्तीत पाणीसुद्धा घेतलेलं नाही.

नऊ मिनिटांत आम्ही शाळेत होतो. व्हरांड्यातून पाहिलं तर आमच्या घराचं दार दिसत नव्हतं, नुसतं पत्र्याचं छत. मी ओक्साबोक्शी रडले. अकरा कोस दूर असलेल्या दोन धडधाकट लेकांऐवजी पाटलाच्या ताठ्यानं माझी सासू वाचवली, याचा मला आजही संताप येतो. आणि आभाळ भरून आलं की मी आधी व्यंकटीला फोन लावून विचारते, पाटलाची तब्येत ठणठणीत आहे ना?