न मारलेला घोडा

शिंपीबुवांनी आडवा पडलेला काळा राजा उभा केला आणि डाव एकेक खेळी मागे न्यायला घेतला. पांढऱ्या हत्तीच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ होतं. तेही मागे सरकलं. घरचा नेम जुना होता. हरलेल्याने डाव पुन्हा मांडून आपली चूक दाखवायची, मगच चहा.

"दाखवा," समोर बसलेल्या बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "आज कुठे सोडलंत मला?"

"सोडलं कुठे? सरळ हरलो."

"मागच्या खेपेला वजीर उघड्यावर ठेवलात. त्याआधी हत्ती तर ताटात वाढून दिलात. दुखणं माझ्या हाताला झालं होतं हो, डोळ्यांना नाही."

बुवा खाली मान घालून प्यादी नीट लावत राहिले. हात बरा झाल्याचं डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. बुवांच्या मनालाच ते पटत नव्हतं. पूर्वी बाई कापड बेतायच्या आणि बुवा शिवायचे. आता बेतणंही बुवांकडेच होतं, आणि गिऱ्हाइकं आरशासमोर उभी राहून आपलेच खांदे चाचपत होती. बाईंची बेतायची मोठी कात्री कपाटावर, फडक्यात गुंडाळून ठेवलेली.

बाईंनी तिकडे बोट केलं. "आजचा डाव मी माझ्या अकलेने जिंकला असेल, तर ती खाली उतरवायची. बोला."

"कबूल," बुवा म्हणाले खरे, पण आवाज शिवणीतल्या सैल दोऱ्यासारखा होता. कारण चूक कुठे आहे, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खेळ्या मागे जात जात डाव मध्यावर आला. बाईंचा घोडा पटाच्या मधोमध, कुणाच्याही आधाराविना उभा. बुवांचा हात थबकला.

"इथे," बाई हळूच म्हणाल्या. "वजिराने घोडा मारायचा होता. का नाही मारलात?"

बुवांनी सुई टोचू नये म्हणून घातलेला अंगुस्ताना बोटातून काढला, पुन्हा घातला.

"मला वाटलं, तुझं लक्ष उडालं. मग म्हटलं, राहू दे. कडेचं प्यादं सारलं."

"दया आली."

"आली गं. काय करू?"

बाई रागावतील, असं त्यांना वाटलं. पण बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"आता मारून बघा. माझी शपथ, मारा."

बुवांनी जड हाताने वजीर सारून घोडा मारला. त्याबरोबर रीळ सरळ शेवटच्या रांगेत उतरलं.

"शह."

बुवांनी आपल्या हत्तीने रीळ टिपलं. बाईंचा उजवा हात पुढे आला, जरा हळू, पण न थरथरता. आणि त्यांचा वजीर हत्तीच्या जागी जाऊन बसला.

बुवा पटावर वाकले. राजा कोपऱ्यालगत, आणि त्याच्यापुढे त्याचीच तीन प्यादी भिंतीसारखी उभी. राखणीला ठेवलेली. वाट त्यांनीच अडवलेली.

"म्हणजे घोडा मारला असता, तर..."

"तर केव्हाच आटोपलं असतं. तुमच्या दयेने तुम्हालाच थोडं आयुष्य मिळालं. कडेचं प्यादं सरकलं नि राजाला खिडकी झाली. मग मलाच केवढी धावपळ करावी लागली!"

"आणि नंतर मी जीव तोडून खेळलो, ते?"

"तेही पाहिलं. छान खेळलात. तरी हरलात."

बुवांच्या पोटातून हसू असं उसळलं, की टेबल हललं आणि दोन प्यादी घरंगळून खाली गेली. देवा, एवढा मोठा पराभव एवढा गोड लागावा! डोळे पुसत ते उठले, स्टुलावर चढले आणि फडक्याची गाठ सोडू लागले. स्वतःच मारलेली गाठ, सुटता सुटेना.

"आणा इकडे," बाई म्हणाल्या.

त्यांनी गाठ सोडली, कात्री हातात तोलली, हवेत एकदा उघडून मिटली. करकर आवाज आला.

"गंजवलीत," त्या म्हणाल्या. "तेल आणा. चहा राहू दे."