घरी नव्हते

वकील आयजार्किननं फाइलमधलं एक पान काढून मस्तूराच्या मांडीवर ठेवलं आणि एका ओळीखाली नखानं रेघ ओढली.

"हे बघ. पहिल्या मुलाखतीत तू म्हणालीस, ते लोक आले तेव्हा मी घरी नव्हते. दुसऱ्या मुलाखतीत म्हणालीस, मागच्या खोलीत लपले होते. या एका ओळीवर निर्वासित कार्यालयानं तुझा आसऱ्याचा अर्ज फेटाळलाय. खोटारडी ठरवलंय तुला."

मस्तूरा पानाकडे बघत राहिली. इथल्या, बिश्केकच्या शिवणकारखान्यात दोन वर्षं काढल्यावर रशियन तिला बऱ्यापैकी कळायला लागली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला आई हातमोजे घट्ट धरून बसली होती. तिला मात्र त्यातलं एक अक्षर उमगत नव्हतं.

"पण तुमच्या दरी भाषेत घरालाही खाना म्हणतात आणि खोलीलाही," आयजार्किन म्हणाली. "विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं तसं पत्र आणलंय मी. दुभाषा पडला ताजिक. तो खाना म्हटलं की घरच समजणार. तुला 'त्या खोलीत नव्हते' असं म्हणायचं होतं. हो ना?"

मस्तूरानं मान हलवली. ती हो म्हणतेय की नाही, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"मग झालं. न्यायाधीश तुझी हकीकत नव्यानं तपासणार नाहीत. कार्यालयानं नियमानं निकाल दिला की नाही, एवढंच बघतील. भाषांतर चुकलेलं असेल तर निकाल रद्द. आणि हरलीस तर..."

मस्तूराच्याच इमारतीतल्या चौघांना गेल्या आठवड्यात काबूलच्या विमानात बसवलं होतं.

मायदेशी, कुंदुझच्या कोर्टात मस्तूरा कारकून होती. मार खाल्लेल्या बायकांच्या जबान्या लिहून घ्यायची. राज्य उलटलं, तुरुंग उघडले आणि त्या जबान्यांवरून आत गेलेले पुरुष जबान्या लिहिणारीला शोधत आले. ती सापडली नाही, म्हणून धाकट्या भावाला, फरीदूनला, घेऊन गेले. चौथ्या दिवशी तो कालव्याच्या काठावर मिळाला. ते आले त्या दिवशी आई आपल्या बहिणीकडे गेली होती.

सुनावणीच्या खोलीत दुभाषा म्हणून सफरअलीच उभा होता. निवृत्त ताजिक शिक्षक. पहिल्या मुलाखतीलाही तोच होता. कार्यालयाच्या वकिलानं भुवया उंचावल्या, पण दरी जाणणारा दुसरा माणूस त्या दिवशी मिळाला नव्हता. प्राध्यापकांचं पत्र मस्तूराला त्यानंच वाचून दाखवलं. 'दुभाष्याचं अज्ञान' हे शब्द आले तेव्हाही त्याचा आवाज हलला नाही. फक्त कान लाल झाले.

न्यायाधीश बाईंनी पत्र बाजूला ठेवलं. "अर्जदारानं स्वतः सांगावं."

"पोरी," सफरअली दरीत म्हणाला, "बाई विचारतायत, त्या दिवशी तुला घर म्हणायचं होतं की खोली?"

मस्तूरा उठली. समोरचा कठडा तिनं दोन्ही हातांनी धरला.

"काका, तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. मी घरच म्हणाले होते." ती थांबली. मग एका दमात बोलली. "त्यांनी दारात विचारलं, बहीण कुठाय? फरीदून म्हणाला, ती घरी नाही. मी मागच्या खोलीत रजयांच्या ढिगाआड होते. सगळं ऐकत होते. पहिल्या मुलाखतीला आई शेजारी बसली होती, काका; दुसरीला नव्हती. तिच्यासमोर कसं सांगू, की मी होते आणि बाहेर आले नाही?"

मागच्या बाकावर आईनं हातमोजे मांडीवर ठेवले. आयजार्किनला दरी येत नव्हती. ती आशेनं दुभाष्याकडे बघत होती.

सफरअलीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अर्जदार म्हणते, तिला खोली म्हणायचं होतं," तो रशियनमध्ये म्हणाला. "चूक दुभाष्याची. म्हणजे माझी."

मस्तूराला शब्द न् शब्द कळला. तिनं तोंड उघडलं.

"बस खाली," सफरअली तिच्याकडे न बघता दरीत म्हणाला.

"एवढ्या लांब उत्तराचा एवढाच अर्थ?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"बाकी ती माझी माफी मागत होती, बाई. वडीलधाऱ्या माणसाची चूक काढावी लागली म्हणून."

मस्तूरा खाली बसली.

दुपारी निकाल आला. अर्ज फेटाळण्याचा निर्णय रद्द. महिनाभरात नव्यानं मुलाखत घ्यावी. दुभाष्याच्या कामाची कार्यालयानं योग्य ती नोंद घ्यावी. आयजार्किननं मस्तूराला मिठी मारली आणि पुढच्या सुनावणीसाठी धावत जिना चढून गेली.

सफरअली टोपी घालत होता.

"काका, आता तुम्हाला परत बोलावणार नाहीत."

"नाहीच बोलावणार. माझी बायको खूश होईल. इथून घरी गेलो की मी जेवत नाही, अशी तिची तक्रार असते." तो दाराशी थांबला. "दुसऱ्या वेळी खरं सांगितलंस ना, तेच सांग. नवीन काही जोडू नकोस."

आई फाटकाबाहेर उभी होती. बर्फ भुरभुरत होता. दोघी थांब्यापर्यंत चालत गेल्या. आई एक पाऊल पुढे होती. तिथल्या बाकावरचा बर्फ तिनं बाहीनं झाडला आणि बसली. मस्तूरा उभीच राहिली. त्यांच्या भागाकडे जाणारी व्हॅन आली आणि गेली. आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

मग आईनं विचारलं, "आणखी काय म्हणाला तो?"

"कोण?"

"फरीदून. दारात."



"म्हणाला, उन्हातून आलात, आत या. चहा ठेवतो."

"त्यांना?"

"हो."

"पाहुण्यांना म्हणायचा, तसंच?"

"अगदी तसंच."

आईनं बाकावर आपल्या शेजारची जागा बाहीनं झाडली. दुसरी व्हॅन येऊन थांबली, दार उघडलं. ड्रायव्हरनं वाट बघून हॉर्न दिला आणि तोही निघून गेला.

"मग?" आई म्हणाली.