खिडकीपासून दोन पावलांवर

मी एक जुना स्प्रूस वृक्ष आहे आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. माझ्या बुंध्यावर लाल रंगाने फुली मारली आहे. सोमवारी करवतवाला येणार आहे.

मी कमरेएवढा होतो, तेव्हा अर्धी मुळे तोडून मला कुंडीत कोंबले गेले. स्लोव्हाकियातल्या या डोंगराळ गावात वेंडेलिनने मला नाताळासाठी घरी आणले. बारा दिवस शेगडीशेजारी माझी सुईसारखी पाने गळत राहिली. सण संपल्यावर त्याने गोठलेली जमीन कुदळीने फोडली आणि बादलीएवढ्या खड्ड्यात मला लावले. कुठे? स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीपासून दोन पावलांवर!

कुंपणापलीकडून शेजारी गाश्पार ओरडला, "अरे, ते झाड आहे, फुलांची कुंडी नव्हे!"

"एवढंसं तर आहे," वेंडेलिन म्हणाला.

"जन्मलास तेव्हा तूही एवढासाच होतास. आता दारातून अंग तिरकं करून आत जातोस!"

वेंडेलिन हसला, पण मला हलवले नाही.

तरी मी जगलो. पस्तीस वर्षे उत्तरेचा वारा अंगावर घेतला. वेंडेलिनची बायको हेडविगा म्हणायची, "याच्यामुळे आपली जळणाची निम्मी लाकडं वाचतात." ते ऐकून मी सुखावत असे. पण मी वाढलो, तसा त्यांना दिवसाही दिवा लावावा लागला. मग माझ्या खालच्या फांद्या छाटल्या गेल्या. त्या पुन्हा कधीच फुटल्या नाहीत.

एका नाताळाला तर कहरच झाला. "बाजारातलं झाड कशाला? आपल्या अंगणात आहे की!" असे म्हणत वेंडेलिन शिडी लावून चढला आणि माझा शेंडाच कापून घेऊन गेला. मी बाहेर बर्फात उभा होतो आणि खिडकीआड माझेच डोके दिव्यांनी सजले होते. मुले टाळ्या वाजवत होती. तो अपमान मी विसरलेलो नाही.

पुढे मला दोन शेंडे फुटले. त्यांचा जोड कच्चा होता. परवाच्या वादळात त्यातला एक मोडला आणि छतावर पडला. करून सवरून वेंडेलिन नामानिराळा! म्हणाला, "झाडच धोकादायक आहे." चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

"झाड लावलं कोणी? शेंडा कापला कोणी?" हेडविगा कडाडली.

पण माझा उरलेला शेंडाही आता डुगडुगतो, हे तिलाही दिसते. मी वाचणार नाही.

आज सकाळी वेंडेलिनने नवे रोप आणले. कुंडी नेऊन ठेवली ती कुठे? पुन्हा खिडकीखाली!

हेडविगाने ती कुंडी उचलली आणि मोठ्याने पावले मोजत अंगणाच्या टोकाला निघाली.

"अगं, तिथलं झाड खिडकीतून कसं दिसणार?"

"चाळीस वर्षांनी साऱ्या गावाला दिसेल."

"तेव्हा आपण दोघं नसू, म्हातारे."

"म्हणून तर इथे लावायचं. अकरा, बारा! आण कुदळ."

मित्रांनो, माझा राग काही गेलेला नाही. झाड लावताना त्याच्या आजच्या उंचीकडे पाहू नका. आधी पावले मोजा आणि त्याच्या शेंड्याला हात लावू नका. त्या रोपाला मी सोमवारपर्यंत वाऱ्यापासून जपणार आहे.