पळसाचा पुतळा

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, गुणवंता सौंसरजवळच्या रामाकोन्यातून निघून गेला. त्याची दीड वर्षाची लेक सुधा तीन दिवसांच्या तापानं गेली होती; तिला शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, पुरलं होतं. 'मरण म्हणजे काय ते समजल्याबिगर मले घरात राहवत नाही,' एवढंच तो बायकोला, देवकाबाईला, सांगून गेला. पुढे राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर मुंबईकडे गेलं, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. गुणवंताचा पत्ता काही लागला नाही.

बारा वर्षं बेपत्ता असलेला माणूस मेला असं धरतात; ती भरली तेव्हा थोरल्या भावानं, रघुनाथरावांनी, भटजींना विचारून दिवस धरला. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि देवकाबाईच्या बांगड्या फोडायच्या. रघुनाथरावांच्या मनात पाप नव्हतं. भावाचा जीव कुठं अडकून राहू नये, एवढीच त्यांची तळमळ.

दोन दिवस उरले असताना शाळेतले प्रभाकर मास्तर देवकाबाईला गाठून म्हणाले, की पांढुर्ण्यापलीकडे जाम नदीच्या काठी एक आजारी संन्यासी राहतो, त्याचा चेहरा ओळखीचा वाटला. तिनं घरात ब्र काढला नाही. माहेरी जाऊन येते म्हणाली आणि सकाळच्या मोटारीत बसली. वाटभर तिला दोन्हींचं भय वाटत होतं. तो नसला तर, आणि असला तर.

तोच होता. दाढी पिकलेली, छातीची हाडं मोजून घ्यावी अशी. तिला पाहून तो उठला नाही, पण हातातली माळ थांबली.

"उद्या तुमचा पुतळा जाळून राहिले," ती म्हणाली.

"जाळू दे. माझं श्राद्ध मीच केलं, देवका. संन्यासी मेलाच समज."

"तुम्ही तुमच्यासाठी मेले. माझ्यासाठी कवा मेले, ते सांगा."

त्याला खोकल्याची उबळ आली. फडक्यावर रक्त उमटलं, ते त्यानं मुठीत दाबलं.

"ज्याच्यासाठी गेले ते सापडलं काय?"

त्यानं माळ खाली ठेवली. "नाही," म्हणाला. "आता तर पोरीचं तोंडही आठवत नाही."

"मले आठवते. घरी चला."

त्यानं मान हलवली. परतीच्या मोटारीची वेळ झाली तरी तो जागचा हलला नाही. ती एकटीच परतली.

दुसऱ्या दिवशी अंगणात पानं मांडून झाली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. बायकांनी देवकाबाईला पाटावर बसवलं. भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. रघुनाथरावांनी पलिता पेटवला तशी ती उठली.

"भाऊजी, थांबा. ते जित्ते आहेत. मी काल पाहून आली."

कुजबुज झाली. बांगड्या वाचवायला बाई खोटं बोलते, असं कुणीतरी ऐकू जाईलसं म्हणालं. मुहूर्त टळतो, म्हणून भटजी घाई करू लागले. रघुनाथरावांनी पलिता पुतळ्यापासून मागं घेतला.

"काय बोलला तो?" त्यांनी विचारलं.

"सुधाचं तोंड आठवत नाही म्हणाले."

रघुनाथरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि पलिता पाण्याच्या घागरीत बुडवला. त्याच दुपारी त्यांनी बंडी जुंपली. तिसऱ्या दिवशी गुणवंता घरी आला; राजीखुशीनं नव्हे, भावानं उचलून आणलेला.

तो चार महिने जगला. भगवी छाटी त्यानं सोडली नाही, ओसरीवरच निजला. देवकाबाईनं आपलं अंथरूण उंबरठ्यापाशी आणलं. ती त्याला सुधाबद्दल सांगे: हसताना नाकाला कशी आठी पडे, ताकाला ती काय म्हणे. तो डोळे मिटून ऐके. कधी पुन्हा तेच सांगायला लावी.

फाल्गुनात एका दुपारी, तिच्या मांडीवर डोकं असताना, तो गेला. मग गावात वाद पेटला. संन्याशाला जाळत नाहीत, नदीकाठी समाधी बांधू, असं काही म्हणाले. दुसरे म्हणाले, घरी मेला, घरच्यासारखा जाळा. रघुनाथरावांनी सगळ्यांना गप्प केलं आणि भावजयीला विचारलं.

"पुरा," ती म्हणाली. "पण नदीवर नाही. धुऱ्यावर, पोरीजवळ."

समाधीवाले नाराज होऊन निघून गेले. रघुनाथरावांनी धोतर खोचलं, कुदळ घेतली आणि भावाचा खड्डा स्वतः खणला.