असरच्या काठीची दुसरी रेघ

मी एक जुनी काठी आहे. दोन हात उंच, डोक्यावर तांब्याची टोपी, पायाशी दगडाची बैठक. मित्रांनो, मला मारायला कधी कोणी उचललं नाही, चालताना कोणी टेकवलंही नाही. माझं काम निराळंच आहे आणि ते सांगताना आजही अंगावर शिरशिरी येते. मी ऊन मोजते!

मुरुडच्या खाडीकाठी भागोजी सुतारांच्या छपरात माझा जन्म झाला. मोडक्या मचव्याच्या डोलकाठीचा एक तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. एक दिवस अब्बासनाना आले. तेव्हा ते तिशीतले होते. आमच्या मोहल्ल्यात अजानला बांग म्हणतात आणि नानांच्या घराण्यात बांग देण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, म्हणून त्यांचं आडनावच बांगी.

"सरळ काठी हवी, भागोजी. ऊन मोजायला."

"ऊन मोजून काय करनार? ठेवनार कुठं?" भागोजी हसले. पण रंधा मात्र असा फिरवला की माझ्यात केसाएवढा बाक राहिला नाही.

मशिदीच्या अंगणात, हौदाशेजारी, भोक पाडलेल्या दगडात मला उभं केलं. तेव्हापासून माझा एकच नेम. ऊन असेल त्या दिवशी चुकायचं नाही. सूर्य माथ्यावर आला की माझी सावली सगळ्यांत आखूड होई. तिच्या टोकाला नाना कोळशाची खूण करत. त्या खुणेपासून माझ्या उंचीएवढं अंतर मोजून पुढे एक रेघ ओढत. सावली वाढत वाढत त्या रेघेला टेकली की असरच्या नमाजची वेळ झाली. असर म्हणजे दुपार आणि संध्याकाळ यांच्या मधली नमाज. नाना उठत, घसा साफ करत आणि बांग देत.

तो आवाज कौलांवरून, नारळींच्या शेंड्यांवरून खाडीपर्यंत जाई. मशिदीमागे सुकट वाळत घालणारी सोनूबाई सुनांना हाक मारी, "बांगीची सावली पडली गो रेघेवर, उचला सुकट!" माझ्यामुळे जिभांना नमाज आणि हातांना काम आठवे. केवढा मान तो! पावसाळ्यात तेवढी चार महिने सुट्टी. तेव्हा मी नानांच्या घरात कोपऱ्यात उभी राही.

नानांची नात तहूरा माझ्याच दगडावर बसून मोठी झाली. एकदा तिने विचारलं, "नाना, सावली काठीएवढीच का? कमी का नाय?"

नाना म्हणाले, "जिब्रील फरिश्त्याने पैगंबरसाहेबांना दोन दिवस नमाजच्या वेळा शिकवल्या. पहिल्या दिवशी असर पढली ती वस्तूची सावली वस्तूएवढी झाली तेव्हा. दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली तेव्हा. आपण कोकणातले लोक शाफई, म्हणजे शाफई इमामांच्या मताने चालणारे. पहिला दिवस म्हणजे वेळेची सुरुवात, असं आपले इमाम मानतात."

"आणि दुसरा दिवस?"

"तवर पढून घेतलेली बरी, आळस नको म्हणून."

तहूराने मान डोलावली आणि लगेच सौदा केला. "मग माझ्या निकाहच्या दिवशी असरची बांग तुमीच द्यायची. दुसरा कोन नाय."

"दिली जबान," नाना म्हणाले.

मित्रांनो, ती जबान मीही ऐकली होती, म्हणून पुढचं सांगते आहे.

वर्षं गेली. भिंतीवर छापील वेळापत्रक आलं, मग खिशाखिशात मोबाईल आले. माझ्याकडे बघणारे नाना एकटेच उरले. त्यांना सत्तर उलटून चार वर्षं झाली, बांग देताना मधेच खोकला येऊ लागला. आणि यंदाच्या मे महिन्यात, तहूराच्या निकाहच्या आदल्या संध्याकाळी, तिचा मुख्तारमामू मुंबईहून मोठा खोका घेऊन आला. खोक्यातून निघालं लाल आकड्यांचं घड्याळ. पाचही नमाजांच्या वेळा त्याला पाठ, शिवाय वेळ झाली की कर्ण्यातून स्वतःच बांग देणारं!

"नाना, आता घसा वाचवा," मुख्तार प्रेमानेच म्हणाला. "उद्यापासून हे बोलेल."

मंडप घालणाऱ्या पोरांनी मला दगडातून उपटलं आणि मंडपाच्या झालरीला टेकू म्हणून लावलं. नानांनी दिलेली जबान आता कोण पाळणार, याच काळजीने मी रात्रभर ताठ उभी राहिले.

निकाहचा दिवस उजाडला. मित्रांनो, तो दिवस माझ्यासाठीही साधा नव्हता! मे महिन्याच्या मध्याला आमच्या मुरुडला एक दिवस असा येतो की सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माझी सावली नाहीशी होते. सगळी माझ्या पायांत शिरते. त्या दिवशी आखूड सावलीची खूण नको, तिथून पुढे मोजणं नको. साडेबाराच्या सुमारास पांढराशुभ्र सदरा घातलेले नाना मंडपात आले, माझ्या जागी टेकू म्हणून बांबू लावला आणि मला उचललं.

"आज तुझा दिवस. तुना विसरेन काय?" ते पुटपुटले आणि मला माझ्या दगडात उभं केलं. सावली नाही! टिंबाएवढीसुद्धा नाही! नानांनी माझ्या पायापासून माझ्याच उंचीवर रेघ ओढली आणि शेजारी बसून राहिले.

मिरजेहून वऱ्हाड आलं. मंडपात सरबत फिरू लागलं. निकाह असरनंतर ठरलेला होता. मशिदीचे इमामसाहेब काझींना आणायला आगरदांड्याच्या धक्क्यावर गेले होते. माझी सावली इंचाइंचाने पुढे सरकत होती. तीन वाजले. साडेतीन. पावणेचार! सावलीचं टोक रेघेला टेकलं.

घड्याळ गप्प.

नानांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मुख्तार, वेळ झाली."

"नाय झाली, नाना. असर पाच वाजून पाच मिनिटांनी दाखवतंय. मशीन चुकत नाय."

"काठीपन चुकत नाय."

मोहल्ल्यातली माणसं जमली. इतक्यात वऱ्हाडातून नवरदेवाचे आजोबा उठून आले. शहाबुद्दीन मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं तोलून मापून. त्यांनी चष्मा पुसून घड्याळ वाचलं. "बरोबर आहे की. पाच पाच. आम्ही हनफी लोक, आमचे इमाम वेगळे. आम्ही सावली दुप्पट झाल्यावरच असर पढतो. घड्याळ हनफी वेळेवर लावलंय."

मुख्तारचा चेहरा उतरला. "मी डब्यातून काढलं नि टांगलं. आत काय निवडलंय ते बघितलंच नाय!"

तेवढ्यात वऱ्हाडातला एक जण बोलून गेला, "म्हणजे इथे रोज वेळेआधीच नमाज होते वाटतं?"

झालं! "वेळेआधी? आमच्या बापजाद्यांनी काय चुकीची पढली?" "मग तुमची नमाज कदी, सूर्य बुडताना?" आवाज चढले. नवरदेव सेहऱ्याखाली घामाने भिजला. कोणी म्हणालं, तुम्ही तिकडे पढा, आम्ही इकडे पढतो. कोणी म्हणालं, मग निकाहही दोन करा! मला एकच धास्ती. तहूराचं नवं घर आत्ताच दोन तुकड्यांत मोडणार की काय?

मास्तर माझ्याजवळ आले. सावलीकडे वाकून बघत त्यांनी विचारलं, "बांगीसाहेब, ही रेघ कशावरून ओढता?"

"जिब्रीलच्या हदीसवरून. पैगंबरसाहेबांची ती दोन दिवसांची आठवण. पहिला दिवस, एक सावली."

"दुसरा दिवस, दोन सावल्या," मास्तरांनी पुढचं पूर्ण केलं. "हदीस तीच आम्हीही शिकतो. पण दुसरी एक हदीस आहे ना, फार ऊन असेल तर जुहर, म्हणजे दुपारची नमाज, थंडाव्याला पढा. आमचे इमाम म्हणतात, एका सावलीला अरबस्तानात ऊन उतरतं का? नाही ना? म्हणजे जुहर दुसऱ्या सावलीपर्यंत चालूच. असर त्याच्या नंतर."

नानांनी कपाळावरचा घाम पुसला. "अरबस्तानाचं मना ठाऊक नाय, मुरुडात तर अजिबात उतरत नाय!"

मास्तर खळखळून हसले. गर्दीतही हसू पसरलं. मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू? आमच्या इमामांचे दोन मोठे शागिर्द एकाच सावलीला मानायचे. गुरूसमोर मत मांडलं, आणि गुरूने त्यांना घालवून दिलं नाही. आज मी त्या शागिर्दांच्या मताने तुमच्या मागे उभा राहतो."

"नको मास्तर. उभ्या जन्मात पाळलंत ते माझ्या दारात सोडू नका. दोन सावल्यांपर्यंत आमची वेळ जात नाय. आमीच थांबतो."

"तुम्ही का थांबायचं? यजमान तुम्ही!"

"पाहुने तुमी!"

"मी सांगतो ना, आत्ताच बांग द्या!"

"नाय द्यायचो!"

मित्रांनो, हे दुसरं भांडण पहिल्यापेक्षा मोठं झालं! कोण कोणासाठी माघार घेतो यावर दोन म्हातारे हातवारे करू लागले. मशिदीला लागूनच नानांचं घर. त्याची खिडकी धाडकन उघडली आणि मेंदीचे दोन हात बाहेर आले.

"नाना! मास्तरदादा! कोनीच काय सोडू नका. पयली सावली आमची, दुसरी तुमची. निकाह दोनी नमाजांनंतर लावा. मी तयार होऊन बसलेय, कुठं पळत नाय. आणि नाना, बांगेची जबान दिली होतीत. माझ्याकडून सुटका नाय!"

अंगण हास्याने भरून गेलं. नाना उठले. मागे कोणीतरी कर्णा सुरू करायला धावलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. कानांवर हात ठेवले आणि बांग दिली. एकदाही खोकला आला नाही. त्या आवाजाने माझ्या तांब्याच्या टोपीला कंप सुटला!

इमामसाहेब काझींना घेऊन पोहोचलेच होते. मोहल्ल्याची नमाज झाली. वऱ्हाड नारळीच्या वाडीत बसून सरबत पीत राहिलं. मास्तरांनी मात्र खडू मागवला. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, पण हात तोच. माझी उंची दोनदा मोजून त्यांनी पहिल्या रेघेपुढे दुसरी रेघ ओढली, अगदी फळ्यावर ओढावी तशी सरळ. मग नाना आणि मास्तर माझ्या दोन्ही बाजूंना बसून सावलीकडे टक लावून बघू लागले. दोन म्हातारे आणि एक काठी, जणू क्रिकेटचा सामना चालला आहे!

पाच वाजून गेले. सावली दुसऱ्या रेघेपाशी आली. मास्तर एकदम उठले. "मुख्तार, ते घड्याळ जरा गप्प कर. बांगीसाहेब, वाडीत आमची जमात नमाजला उभी राहते आहे. तिची बांगही तुम्हीच द्या."

नाना गोंधळले. "मी नमाज पढून बसलोय. चालेल काय?"

"त्यावर आमच्यात चार मतं निघतील, त्यात सूर्य बुडेल. द्या हो तुम्ही!"

आणि मित्रांनो, ज्यांची बांग काल बंद झाली होती, त्यांनी नातीच्या निकाहच्या दिवशी असरची बांग दोनदा दिली. दुसऱ्या वेळी खिडकीत तहूरा डोळे पुसत हसत होती. मशिदीमागून सोनूबाई ओरडली, "काय रे ह्ये? मी सुकट एकदा उचलू का दोनदा?"

निकाह लागला तेव्हा ऊन सोनेरी झालं होतं.

घड्याळ अजून भिंतीवर आहे. मुख्तारने त्याची वेळ बदलली. बरं आहे बिचारं, पावसाळ्यात तेच उपयोगी पडतं. पण असरची बांग नानाच देतात. आणि माझ्यासमोर आता रोज दोन रेघा असतात. दुसरीजवळ तहूराची सासरची माणसं आली की बसतात, मुंबईची हनफी पाहुणेमंडळीही बसतात. काठी एक, सूर्य एक. सावली कुठे पोहोचली की उठायचं, ते ज्याने त्याने आपल्या गुरूंकडून शिकलेलं. मला दोघांनाही वेळ दाखवता येते, याचाच मला सर्वांत जास्त आनंद आहे.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. एखादी जुनी वस्तू उपटण्याआधी तिचं काम काय आहे, ते तिच्याजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा. आणि कधी आमच्या अंगणात आलात, तर हौदाजवळ जरा जपून पाय टाका. तिथे एक कोळशाची आणि एक खडूची रेघ आहे. त्यातली एकही पुसू नका.